थॉमस मान : ‘योसेफ’ चतुष्टय आणि लेखकाचे सागरप्रवास

१

ऐतिहासिक व पौराणिक कादंबरीचा विचार करताना लेखकाच्या स्थलदर्शनाला विशेष महत्त्व दिले जाते. ज्या भूमीवर कथानक घडते ती भूमी लेखकाने प्रत्यक्ष पाहिली असेल, तर त्याच्या वर्णनाला विश्वसनीयता येते, असे गृहीत धरलेले असते. मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या प्रस्तावनांमधून हिंडलेले गडकोट आणि अभ्यासलेली कागदपत्रे यांचा निर्देश आढळतो, तो याच गृहीतामुळे. परंतु अशा प्रवासातून कादंबरीला नेमके काय मिळते, आणि जे मिळते ते लेखक ज्यासाठी गेला होता तेच असते काय, याचा तपशिलात जाऊन विचार क्वचितच होतो.

या दृष्टीने जर्मन कादंबरीकार थॉमस मान (१८७५–१९५५) यांचे चरित्र उद्बोधक आहे. ‘योसेफ आणि त्याचे भाऊ’ ही त्यांची चार खंडांची कादंबरी सोळा वर्षांच्या अवधीत, १९२६ ते १९४३ या काळात, लिहिली गेली. तिच्यासाठी मान यांनी इजिप्तचा प्रवास दोनदा केला. पहिला प्रवास १९२५ मध्ये भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या एका प्रवासी जहाजावरून झाला, तर दुसरा १९३० मध्ये. हे दोन्ही प्रवास स्वेच्छेचे आणि सहेतुक होते. तिसरा मोठा सागरप्रवास १९३४ मधला, अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेचा. कादंबरीची स्थळे पाहणे हा त्याचा हेतू नव्हता आणि तोवर लेखक स्वदेशाला मुकलेला होता. या तीन प्रवासांचा कादंबरीशी असलेला संबंध एकाच प्रकारचा नाही. तो उलगडून पाहिल्यास स्थलदर्शन आणि अनुभव या दोन गोष्टींतील भेद स्पष्ट होतो.

२

मान यांचा जन्म ६ जून १८७५ रोजी ल्यूबेक या उत्तर जर्मनीतील बंदराच्या शहरी झाला. वडील धान्याचे व्यापारी आणि नगरराज्याचे सिनेटर होते. आई यूलिया ही ब्राझीलमध्ये जन्मलेली. जर्मन मळेवाल्याची आणि पोर्तुगीज वंशाच्या ब्राझिलियन स्त्रीची मुलगी. मातृवियोगानंतर, लहान वयातच तिला जहाजाने ल्यूबेकला आणण्यात आले होते. उष्ण कटिबंधातील बालपण आणि समुद्रापलीकडची थंड, शिस्तबद्ध नगरी यांमधील अंतर मान यांना आईच्या आठवणींतून प्रथम कळले. बाल्टिक किनाऱ्यावरील ट्राव्हेम्यूंडे येथे घालवलेल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या ही त्यांच्या बालपणाची सर्वांत सुखद स्मृती होती. समुद्राविषयीची ही ओढ त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत टिकून राहिली.

इजिप्तविषयीचे कुतूहलही शालेय वयातलेच. या संदर्भात त्यांनी स्वतः नोंदविलेला एक प्रसंग अर्थपूर्ण आहे. वर्गात शिक्षकांनी प्राचीन इजिप्ती लोकांच्या पवित्र बैलाचे नाव विचारले. बाल मान यांनी आपल्या आवडीच्या पुस्तकात वाचलेले मूळ इजिप्ती नाव, हापी, सांगितले. शिक्षकांना त्या नावाचे ग्रीक-लॅटिन रूप, आपिस, एवढेच ठाऊक होते. परिणामी अचूक उत्तराबद्दल मुलाला बोलणी खावी लागली. ग्रंथांतून मिळवलेले ज्ञान प्रचलित माहितीपेक्षा खोल असू शकते, हा धडा त्या प्रसंगात होता. पुढे ‘योसेफ’ लिहिताना मान यांनी इजिप्ती देवतांची व स्थळांची नावे ज्या चोखंदळपणे योजली, त्यामागे हे जुने कुतूहल होते.

१८९१ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि पेढी बंद करण्यात आली. कुटुंब म्यूनिकला स्थलांतरित झाले. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुडनब्रोक्स’ या कादंबरीने मान यांना कीर्ती मिळाली. १९२९ चे नोबेल पारितोषिक देतानाही मुख्यतः याच कृतीचा उल्लेख झाला. ल्यूबेकच्या व्यापारी घराण्याचा ऱ्हास चितारणाऱ्या या कादंबरीची सामग्री लेखकाच्या घरातच होती. १९११ मध्ये मान पत्नी कातिया व बंधू हाइनरिश यांच्यासह व्हेनिसला गेले आणि त्या मुक्कामातून पुढच्याच वर्षी ‘व्हेनिसमधील मृत्यू’ ही दीर्घकथा अवतरली. १९१२ मध्ये कातिया डाव्होस येथील आरोग्यधामात उपचार घेत असताना मान तेथे सुमारे तीन आठवडे राहिले. त्यातून बारा वर्षांनी, १९२४ मध्ये, ‘जादूचा पर्वत’ ही कादंबरी पूर्ण झाली.

या तिन्ही कृतींत एक क्रम समान आहे. लेखक एखाद्या स्थळी अन्य कारणाने जातो, तेथील अनुभव त्याच्या मनात घर करतो आणि मग कृतीची कल्पना जन्माला येते. ‘योसेफ’च्या बाबतीत हा क्रम प्रथमच उलटला. येथे कल्पना आधी होती आणि प्रवास तिच्यासाठी योजलेला होता.

३

या कल्पनेचा उगम तसा किरकोळ निमित्तातून झाला. म्यूनिकमधील चित्रकार हेर्मान एबर्स यांनी बायबलमधील योसेफाच्या कथेवर एक चित्रमालिका तयार केली होती. तिच्यासाठी प्रास्ताविक लिहावे, अशी विनंती त्यांनी मान यांना केली. त्या निमित्ताने मान यांनी घरातील जुने बायबल पुन्हा उघडले. भावांच्या मत्सरामुळे विहिरीत टाकला गेलेला, परदेशी विकला गेलेला, मालकाच्या पत्नीच्या आरोपामुळे कारावास भोगणारा आणि अखेर फारोच्या राज्यात सर्वाधिकारी होणारा याकोबाचा लाडका मुलगा, ही कथा उत्पत्ती ग्रंथात थोड्याच अध्यायांत संपते. इस्लामी परंपरेत ती यूसुफ-जुलेखेच्या रूपाने विस्तारली. गटेने आपल्या आत्मचरित्रात या कथेच्या गोडव्याची प्रशंसा करून ती फार आटोपशीर असल्याची आणि तपशिलांनी भरून काढण्याचा मोह होत असल्याची भावना व्यक्त केली होती. बालवयात गटेने तसा प्रयत्न करूनही पाहिला होता. मान यांना गटेचे हे मत आठवले आणि त्यात त्यांना स्वतःसाठी एक आवाहन दिसले.

अशा वेळी, १९२५ च्या प्रारंभी, हूगो श्टिनेस यांच्या जहाज कंपनीकडून त्यांना भूमध्य समुद्राच्या सफरीचे निमंत्रण आले. ‘जनरल सान मार्टिन’ या प्रवासी जहाजाच्या सफरीत पाहुणा म्हणून सहभागी व्हावे, असे त्याचे स्वरूप होते. नामवंत लेखकाच्या उपस्थितीने सफरीची प्रतिष्ठा वाढावी, हा कंपनीचा हेतू उघड होता. लेखकाचा हेतू वेगळा होता. वाळवंट, पिरॅमिड आणि स्फिंक्स एकदा डोळ्यांखालून घालावेत, कारण मनात घोळणाऱ्या काहीशा अस्पष्ट योजनेला त्याचा उपयोग होऊ शकेल, असे त्यांनी आपले मित्र एर्न्स्ट बेर्ट्राम यांना निघण्यापूर्वी कळवले होते.

मार्च १९२५ मध्ये जहाज व्हेनिसहून निघाले. एड्रिॲटिक समुद्रातील कात्तारोमार्गे ते पोर्ट सैदला पोचले. तेथून प्रवाशांना कैरो आणि पुढे लक्सर व कार्नाक येथे नेण्यात आले. त्यानंतर कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स, नेपल्स, अल्जिअर्स, बार्सिलोना अशा बंदरांना जहाजाने भेटी दिल्या. तूतनखामेनचे थडगे १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये सापडले होते. १९२४ पासून नेफर्तितीचा अर्धपुतळा बर्लिनमध्ये लोकांसमोर मांडला गेला होता. इजिप्तविषयीच्या कुतूहलाची लाट युरोपभर पसरलेली असताना ही सफर झाली. मान यांनी तिच्यावर ‘वाटेवर’ या अर्थाचे शीर्षक असलेला प्रवासलेख लिहिला.

या प्रवासाचे महत्त्व तपशील गोळा करण्यात नव्हते. आखीव कार्यक्रमाच्या सफरीत नाईल खोऱ्याच्या वाट्याला थोडेच दिवस येतात. तेवढ्यात टिपणवह्या भरणे शक्य नसते आणि मान यांची तशी अपेक्षाही नव्हती. त्यांना पाहायचे होते ते हे, की मनात असलेला विषय प्रत्यक्ष भूमीसमोर उभे राहिल्यावर तग धरतो की नाही. तो टिकला. परतल्यानंतर पाठोपाठ लेखन मात्र सुरू झाले नाही. जवळजवळ पावणेदोन वर्षे वाचनात गेली आणि १९२६ च्या डिसेंबरमध्ये कादंबरीच्या पूर्वरंगाची पहिली पाने लिहिली गेली.

४

हा पूर्वरंग भूतकाळाला अथांग विहिरीची उपमा देऊन सुरू होतो आणि वाचकाला कालाच्या तळाकडे उतरवतो. तळ मात्र कधीच लागत नाही. एका आरंभामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा आरंभ दिसत राहतो. कादंबरीचे हे सूत्र ग्रंथालयात घडले. आल्फ्रेड येरेमियास यांचा प्राचीन पौर्वात्य जगाच्या प्रकाशात जुन्या कराराचे विवेचन करणारा ग्रंथ, मिखा योसेफ बिन गोरियोन यांनी संकलित केलेल्या यहुदी आख्यायिका, आडोल्फ एर्मान यांचे इजिप्ती जीवनावरील लेखन, आर्थर वायगॉल यांचे फारो अखनातोनचे चरित्र, अशी ही अभ्यासाची व्याप्ती होती. म्यूनिक विद्यापीठातील इजिप्तविद्येचे प्राध्यापक व्हिल्हेल्म श्पीगेलबेर्ग यांचे मार्गदर्शनही त्यांना मिळाले.

या अभ्यासातून मान यांनी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. बायबलमधील फारोला नाव नाही आणि कथेचा काळही सांगितलेला नाही. अनेक अभ्यासक ही कथा हिक्सोस राजवटीशी जोडत आले आहेत. मान यांनी ती इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकात, तिसरा आणि चौथा आमेनहोतेप यांच्या काळात आणली. चौथा आमेनहोतेप म्हणजेच एकाच सूर्यदेवतेची उपासना रूढ करू पाहणारा अखनातोन. अब्राहामाच्या वंशातील एकेश्वर कल्पना आणि फारोचे आतोनविषयक चिंतन यांची समोरासमोर भेट घडवणे, हा या कालनिवडीमागचा उद्देश होता. इतिहासाच्या दृष्टीने ही निवड वादग्रस्त ठरू शकते. कादंबरीच्या दृष्टीने ती मध्यवर्ती आहे. चौथ्या खंडातील योसेफ आणि तरुण फारो यांचा प्रदीर्घ संवाद हा साऱ्या रचनेचा वैचारिक कळस आहे आणि तो या निवडीवाचून संभवला नसता.

पहिले दोन खंड बरेच पुढे सरकल्यानंतर, १९३० च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, मान पत्नीसह दुसऱ्यांदा इजिप्तला गेले. या वेळी नाईलच्या वरच्या अंगाला नुबियापर्यंत प्रवास करण्यात आला आणि तेथून पुढे पॅलेस्टाइन पाहण्यात आले. प्रवास सुखाचा झाला नाही. आजारपणामुळे जेरुसलेम येथील मुक्कामात व्यत्यय आला. तरीही हा प्रवास १९२५ च्या सफरीपेक्षा अभ्यासाच्या अंगाने अधिक फलदायी होता. मात्र त्याचे फलित कोणते, याविषयी मान यांचे स्वतःचे मत लक्षात घेतले पाहिजे. दुरून, ग्रंथांच्या आधारे जे जाणले होते ते जागेवर पडताळून पाहणे एवढेच या प्रवासाचे कार्य होते, असे त्यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या संक्षिप्त आत्मवृत्तात नमूद केले. येथे प्रवास शोधासाठी झालेला नाही. तो पडताळणीसाठी झालेला आहे.

तिसऱ्या खंडातील स्थलवर्णने या पडताळणीच्या प्रकाशात वाचावी लागतात. योसेफाला विकत घेणारे इश्माएली व्यापारी त्याला समुद्रकिनाऱ्याने गाझावरून, सीमेवरील किल्ल्यातून इजिप्तमध्ये नेतात. नदीमुखाच्या प्रदेशातील नगरे, सूर्यपूजकांचे ओन, मेम्फिस अशा टप्प्यांनी ते पुढे सरकतात आणि तेथून नावेने नाईलच्या प्रवाहाविरुद्ध नऊ दिवसांचा प्रवास करून थेबेसला पोचतात. नदीकाठची शेते, दगडी घाट, बाजारातील गर्दी, मंदिरांचे ध्वजस्तंभ हे सारे योसेफाच्या विस्मित परंतु सावध नजरेतून येते. योसेफ या देशाकडे भारावून पाहत नाही. मृतांची पूजा करणारा देश म्हणून याकोबाने त्याच्या मनात इजिप्तविषयी तिटकारा भरवला होता. म्हणून त्याच्या पाहण्यात कुतूहल आणि आतून जपलेले अंतर एकत्र नांदतात. मान यांच्या वर्णनपद्धतीचे मर्म या दुहेरी दृष्टीत आहे.

तपशिलांच्या या विपुलतेकडे मान स्वतः काहीशा मिस्किलपणे पाहत असत. पहिल्या खंडाची टंकलिखित प्रत तयार करणाऱ्या म्यूनिकमधील एका साध्या स्त्रीने ती परत करताना, हे सगळे खरोखर कसे घडले ते आता समजले, अशा आशयाचा अभिप्राय दिला. मान यांना तो भावला, कारण त्यातले काहीच त्या रीतीने घडलेले नव्हते. शास्त्रीय काटेकोरपणा हे त्यांच्या लेखी वास्तवाभासाचे साधन होते. निवेदक अमुक घटना किती दिवस चालली, अमुक अंतर कापायला किती काळ लागला, यांवर पंडिती थाटात खल करतो. परंतु तो खल हाच एक विनोद आहे, हे जाणत्या वाचकाला कळावे अशीही व्यवस्था तो करतो.

५

१९३३ च्या जानेवारीत हिटलरची सत्ता आली. १० फेब्रुवारी रोजी मान यांनी म्यूनिक विद्यापीठात रिचर्ड वाग्नर यांच्यावर व्याख्यान दिले आणि दुसऱ्या दिवशी ते ॲम्स्टरडॅम, ब्रसेल्स, पॅरिस येथील व्याख्यानांसाठी निघाले. नेहमीसारखा हा दौरा होता. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील आरोझा येथे विश्रांती घेत असताना, परतणे धोक्याचे असल्याचे मुलांनी कळवले. मान परतले नाहीत. म्यूनिकचे घर, ग्रंथसंग्रह आणि बँकेतील पैसा सत्ताधाऱ्यांच्या हाती गेला. अपुऱ्या तिसऱ्या खंडाचे हस्तलिखितही त्या घरात अडकले होते. थोरली मुलगी एरिका हिने धोका पत्करून ते बाहेर काढले. दक्षिण फ्रान्समधील सानारी येथे त्या वर्षीचा उन्हाळा काढून कुटुंब झुरिकजवळच्या क्यूस्नाख्ट येथे स्थिरावले.

यानंतरचा कादंबरीचा प्रकाशन-इतिहास हाच निर्वासनाचा आलेख आहे. ‘याकोबाच्या कथा’ हा पहिला खंड ऑक्टोबर १९३३ मध्ये आणि ‘तरुण योसेफ’ हा दुसरा १९३४ मध्ये बर्लिनला प्रसिद्ध झाला. यहुद्यांच्या पूर्वजांची कथा सांगणारा ग्रंथ यहुदीद्वेष्ट्या राजवटीच्या राजधानीत, लेखक देशाबाहेर असताना प्रकाशित व्हावा, ही घटना विलक्षण होती. ‘योसेफ इजिप्तमध्ये’ हा तिसरा खंड १९३६ मध्ये व्हिएन्नाहून निघाला, कारण प्रकाशकालाही तोवर जर्मनी सोडावी लागली होती. ‘अन्नदाता योसेफ’ हा चौथा खंड १९४३ मध्ये स्टॉकहोमहून प्रसिद्ध झाला.

पहिल्या खंडाचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत प्रसिद्ध होत असताना प्रकाशक आल्फ्रेड क्नॉफ यांनी लेखकाला न्यूयॉर्कला बोलावले. मे १९३४ मध्ये मान आणि कातिया यांनी बुलोनहून ‘फोलेंडाम’ या डच जहाजाने अटलांटिक ओलांडला. मान यांचा हा पहिला महासागरी प्रवास. सुमारे दहा दिवसांच्या या प्रवासात त्यांनी सर्वांतेसच्या ‘डॉन किहोटे’चे जर्मन भाषांतर सोबत घेतले होते. ‘डॉन किहोटेसह सागरप्रवास’ हा त्यांचा निबंध या वाचनातून सिद्ध झाला. दैनंदिनीच्या रूपात लिहिलेल्या या निबंधात जहाजावरील दिनक्रम आणि ग्रंथचिंतन एकमेकांत मिसळलेले आहेत. भोजनगृह, संगीत, आरामखुर्च्या यांनी सजलेले जहाज महासागराचे आदिम रूप प्रवाशाच्या नजरेआड करते, हे निरीक्षण त्यात आहे. त्याचबरोबर त्या सुखसोयींचा आस्वाद घेणारा प्रवासी आता घर नसलेला माणूस आहे, याची जाणीवही त्यात अधूनमधून डोकावते.

‘योसेफ’च्या संदर्भात या निबंधातील दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. पहिली गोष्ट अशी, की सर्वांतेसच्या दुसऱ्या भागात नायकाला स्वतःवर लिहिलेले पुस्तक जगात प्रसिद्ध असल्याचे ठाऊक असते. पात्राने आपल्याच कथेच्या प्रकाशात वावरणे ही कल्पना मान यांना अत्यंत आकर्षक वाटली. ‘अन्नदाता योसेफ’मध्ये योसेफ आपला कारभारी माई-साख्मे याच्याशी भावांच्या भेटीचा प्रसंग कसा रचावा, कथेतला हा भाग कसा शोभिवंत करावा, याची चर्चा करतो. आपण एका ईश्वरी कथेतील पात्र आहोत, हे त्याला पक्के माहीत असते. या पात्ररचनेची बीजे आधीच्या खंडांतही आहेत. तथापि महासागरावरील वाचनाने तिला बळ दिले असावे, असे मानण्यास जागा आहे.

दुसरी गोष्ट अधिक निकटची आहे. ‘डॉन किहोटे’मध्ये रिकोते नावाचा एक मूरवंशीय दुकानदार आहे. राजाज्ञेने स्पेनमधून हद्दपार झालेला हा गृहस्थ वेषांतर करून आपल्या गावी परततो आणि मायदेशाच्या ओढीने व्याकूळ होतो. सर्वांतेसने या प्रसंगात राजाज्ञेची तोंडदेखली स्तुती केली आहे आणि त्याच वेळी हद्दपार झालेल्याचे दुःख मनःपूर्वक रेखाटले आहे. मान यांनी या कौशल्याकडे नेमके लक्ष वेधले. १९३४ मध्ये ते स्वतः याच कोंडीत होते. पुस्तके अजून जर्मनीत विकली जात होती, वाचक तेथे होते आणि उघड निषेधाचा अर्थ त्या वाचकांना मुकणे असा होता. हे मौन १९३६ च्या प्रारंभी संपले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे जर्मन नागरिकत्व रद्द झाले आणि बॉन विद्यापीठाने दिलेली मानद डॉक्टरेटही काढून घेण्यात आली.

६

१९३८ मध्ये मान अमेरिकेत स्थायिक झाले. प्रथम प्रिन्स्टन येथे आणि १९४१ पासून कॅलिफोर्नियात. तिसऱ्या आणि चौथ्या खंडांमध्ये चार वर्षांचे अंतर पडले. या अवधीत त्यांनी गटेवरील ‘लोटे इन वायमार’ ही कादंबरी आणि ‘अदलाबदल झालेली मस्तके’ ही भारतीय आख्यायिका लिहिली. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दुसऱ्या कृतीचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. तिचे कथानक वेताळपंचविशीतील असून ते मान यांना भारतविद्येचे अभ्यासक हाइनरिश त्सिमर यांच्या लेखनातून मिळाले. मान भारतात कधीच आले नाहीत. तरीही मस्तक आणि धड यांच्या अदलाबदलीतून उद्भवणारा त्यांचा उपहासगर्भ पेच भारतीय रंगभूमीपर्यंत परत पोचला. गिरीश कार्नाड यांच्या ‘हयवदन’ (१९७१) या कन्नड नाटकाने मान यांच्या कथेचा आधार घेतला आणि विजया मेहता यांनी ते नाटक मराठी रंगभूमीवर आणले. न पाहिलेल्या देशाची कथा त्या देशाने अशा रीतीने स्वीकारावी, हे स्थलदर्शनाच्या गृहीताला दिलेले मार्मिक उत्तर आहे.

ऑगस्ट १९४० मध्ये चौथ्या खंडाचे लेखन सुरू झाले. या खंडातील योसेफ आणि पहिल्या तीन खंडांतील योसेफ यांत मोठा फरक आहे. स्वप्ने पाहणारा, स्वतःच्या सौंदर्यावर लुब्ध असलेला मुलगा येथे परक्या देशाचा प्रशासक होतो. सुबत्तेच्या वर्षांत धान्य साठवणे, दुष्काळात ते धनिकांना किंमत घेऊन आणि गरिबांना विनामूल्य देणे, जमीनधारणेची नवी व्यवस्था लावणे ही त्याची कार्ये मान तपशिलाने सांगतात. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणाची छाया त्यांवर आहे, हे मान यांनी स्वतः मान्य केले होते. १९४१ च्या जानेवारीत ते रूझवेल्ट यांचे पाहुणे म्हणून व्हाइट हाउसमध्ये राहिले होते. योसेफाच्या प्रशासनाचा आदर्श नाईलकाठच्या थडग्यांवरील चित्रांत मिळण्यासारखा नव्हता. तो लेखकाला आश्रय देणाऱ्या देशात मिळाला.

परक्या भूमीत राहणाऱ्या माणसाच्या मनाविषयीही तेच म्हणता येईल. योसेफ इजिप्ती भाषा बोलतो, इजिप्ती नाव धारण करतो, इजिप्ती स्त्रीशी विवाह करतो. आणि तरीही तो पित्याच्या वंशापासून तुटत नाही. मात्र वंशाचा मुख्य आशीर्वाद त्याला मिळत नाही, तो यहूदाकडे जातो. ऐहिक यशाबरोबर येणारी ही हानी कादंबरीच्या शेवटी संयमाने व्यक्त झाली आहे. ज्याची भाषा जर्मन, वाचक मुख्यतः अनुवादातले आणि ग्रंथ मायदेशात निषिद्ध, अशा लेखकाला हा संयम अनुभवातून आला होता. १९२५ च्या प्रवासात इजिप्त हा पाहण्याचा देश होता. १९४० नंतर परदेश ही राहण्याची अवस्था झाली.

४ जानेवारी १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक पॅलिसेड्स येथे कादंबरी पूर्ण झाली. तत्पूर्वी, नोव्हेंबर १९४२ मध्ये, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मान यांनी या कादंबरीवर व्याख्यान दिले होते. फॅसिझमने आपल्या हत्यारासारखे वापरलेले मिथक त्याच्या हातून काढून घेऊन त्याचे मानवीकरण करणे, ही त्यांच्या या प्रकल्पामागील भूमिका होती. चारही खंड पुढे एकत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा अखेरच्या खंडातील प्रसन्नतेचे श्रेय त्यांनी कॅलिफोर्नियाच्या इजिप्तसदृश निरभ्र आकाशाला दिले. ज्या आकाशासाठी त्यांनी एकेकाळी भूमध्य समुद्र ओलांडला होता, त्याचे प्रतिरूप त्यांना शोधाशोध न करता पॅसिफिक किनाऱ्यावर भेटले.

७

१९४४ मध्ये मान अमेरिकेचे नागरिक झाले. ‘डॉक्टर फाउस्टुस’ (१९४७) ही जर्मनीच्या अधःपाताची कादंबरी त्यांनी तेथेच लिहिली. युद्धोत्तर अमेरिकेतील राजकीय संशयाच्या वातावरणाला कंटाळून १९५२ मध्ये ते स्वित्झर्लंडला परतले. जर्मनीत कायम वास्तव्यासाठी ते पुन्हा गेले नाहीत. १२ ऑगस्ट १९५५ रोजी झुरिक येथे त्यांचे निधन झाले आणि किल्शबेर्गच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. परदेशी वैभव पाहिलेल्या याकोबाने अखेर पूर्वजांच्या भूमीतच आपले दफन व्हावे असा आग्रह धरला होता. त्याच्या कथाकाराने तसा आग्रह धरला नाही.

या चरित्रातून स्थलदर्शन निरुपयोगी ठरते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. १९२५ च्या सफरीने मान यांना विषयाविषयी खात्री दिली आणि १९३० च्या प्रवासाने अभ्यासाची पडताळणी करून दिली. कल्पना असूनही धीर होत नाही, अशा क्षणी ही खात्री मोलाची असते. परंतु कादंबरीचा कालपट आणि तिची वैचारिक चौकट ग्रंथांतून आली. आणि परक्या देशात अन्न, पद व आदर मिळवूनही उपराच राहणारा नायक आला तो लेखकाच्या न योजलेल्या प्रवासातून. म्हणूनच ऐतिहासिक कादंबरीचे मूल्यमापन करताना लेखकाने कोणती स्थळे पाहिली एवढ्यावर थांबून चालत नाही. लेखन चालू असताना त्याच्या स्वतःच्या आयुष्यात काय घडत होते, आणि कथेच्या भूतकाळात त्याचे रूपांतर कसे झाले, याचाही शोध समीक्षेने घ्यावा लागतो. ‘योसेफ’ चतुष्टयाच्या चार खंडांवरील बर्लिन, व्हिएन्ना आणि स्टॉकहोम ही तीन प्रकाशनस्थळे या शोधाची दिशा पुरेशी स्पष्ट करतात.